युरोपीय अटक वॉरंटचे क्लिनिक: पहिल्या फाईलपासून शेवटच्या पत्रापर्यंत

सत्राच्या पहिल्या दिवशी वर्गातल्या फरशीवर खडूने दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असा चौकोन आखावा आणि प्रत्येक विद्यार्थ्याने त्यात पाच मिनिटे उभे राहावे, अशी माझी पद्धत आहे. त्या चौकोनाचे क्षेत्रफळ तीन चौरस मीटर भरते. सामूहिक कोठडीत एका कैद्याच्या वाट्याला यापेक्षा कमी जागा येत असेल, तर अमानवी वागणुकीचे प्रबळ गृहीतक उभे राहते, असे स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ‘मुर्शिच विरुद्ध क्रोएशिया’ या २० ऑक्टोबर २०१६ च्या निकालात म्हटले आहे. निकालपत्रात हा आकडा वाचणे आणि त्या चौकोनात भिंतीकडे तोंड करून उभे राहणे यांत जे अंतर आहे, ते भरून काढण्यासाठी लीगल क्लिनिक, म्हणजे विद्यार्थी वकिलाच्या देखरेखीखाली खऱ्या प्रकरणांवर काम करतात तो उपक्रम, असते.

हा लेख युरोपात फौजदारी कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि असे क्लिनिक चालवू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. नेदरलँड्स, जर्मनी किंवा बेल्जियममध्ये पदव्युत्तर कायद्यासाठी जाणारे मराठी विद्यार्थीही हल्ली अशा क्लिनिकमध्ये नाव नोंदवतात, म्हणून त्यांना ठेच लागण्याच्या जागा ओघात सांगितल्या आहेत. आपल्याकडे बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले असले, तरी बहुतेकांचा अनुभव मूट कोर्टाचा, म्हणजे अभिरूप न्यायालयाचा, असतो. मूटमध्ये वस्तुस्थिती छापून हातात मिळते आणि वाद फक्त कायद्याचा उरतो. क्लिनिकमध्ये वस्तुस्थितीच अर्धी असते, तीही परक्या भाषेत, आणि ती मिळवण्यासाठी दिवस मोजून दिलेले असतात.

कार्यक्षेत्र आधी आवळावे

युरोपीय फौजदारी कायदा हा शब्दप्रयोग फार पसरट आहे. लक्झेंबर्गमध्ये १ जून २०२१ पासून काम करणारे युरोपीय सरकारी वकील कार्यालय, दुसऱ्या देशातून पुरावा मागवण्याचा तपास आदेश, पीडितांच्या हक्कांचा युरोपीय संघाचा २०१२ चा निर्देश (डायरेक्टिव्ह), शिक्षेचे हस्तांतरण, मालमत्तेची जप्ती, असे पुष्कळ काही त्यात येते. चौदा आठवड्यांत हे सगळे चाखायला गेले तर हाती काहीच लागत नाही. म्हणून क्लिनिकसाठी मी एकच विषय सुचवतो, तो म्हणजे युरोपीय अटक वॉरंट.

युरोपीय संघाच्या १३ जून २००२ च्या चौकट निर्णयाने (फ्रेमवर्क डिसिजन) हे वॉरंट आणले आणि १ जानेवारी २००४ पासून ते लागू झाले. युरोपीय संघातील राष्ट्रांमधले जुने प्रत्यार्पण, ज्यात शेवटचा शब्द मंत्र्याचा असे, ते जाऊन त्याच्या जागी एका देशाच्या न्यायिक यंत्रणेने काढलेले वॉरंट दुसऱ्या देशाच्या न्यायिक यंत्रणेने बजावावे, अशी परस्पर मान्यतेवर उभी असलेली व्यवस्था आली. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने तिचा मोठा फायदा म्हणजे मुदती. अटक झालेल्या व्यक्तीने ताबा देण्यास संमती दिली तर संमतीनंतर दहा दिवसांत, आणि न दिल्यास अटकेपासून साठ दिवसांत अंतिम निर्णय व्हावा, फार तर त्यात तीस दिवसांची भर पडावी, असे या निर्णयाचे कलम १७ सांगते. म्हणजे एकाच सत्रात फाईल उघडलेली आणि बंद झालेली दोन्ही पाहायला मिळते, जे इतर फौजदारी कामात क्वचितच घडते.

जागा म्हणून ॲमस्टरडॅम उत्तम. नेदरलँड्समध्ये असे प्रत्येक वॉरंट देशभरातून एकाच न्यायालयाकडे, ॲमस्टरडॅम जिल्हा न्यायालयाच्या आंतरराष्ट्रीय साहाय्य कक्षाकडे येते. या कक्षाच्या निर्णयावर नेहमीचे अपील नाही, सुनावणी सामान्यतः खुली असते आणि निकाल न्यायव्यवस्थेच्या संकेतस्थळावर डच भाषेत विनामूल्य वाचता येतात. अटक वॉरंटविषयी लक्झेंबर्गच्या न्यायालयाकडे, म्हणजे युरोपीय संघाच्या न्यायालयाकडे, गेलेले अनेक प्रश्न याच कक्षाने पाठवलेले आहेत. पुढची उदाहरणे म्हणून नेदरलँड्समधलीच घेतली आहेत.

सही कोणाची

क्लिनिक सुरू करताना पहिला प्रश्न विद्यार्थ्यांच्या हुशारीचा नसतो. कोणाच्या जबाबदारीवर आणि कोणत्या कायद्याखाली हे काम चालणार, हे आधी ठरवावे लागते. याबाबत युरोपात एकवाक्यता नाही. जर्मनीत १ जुलै २००८ पासून लागू असलेला विधी-सेवा कायदा पात्र विधिज्ञाच्या देखरेखीखाली विनामूल्य सल्ला देण्यास वाव देतो. पोलंडमध्ये क्राकोच्या यागिएलोनियन विद्यापीठाने १९९७ मध्ये पहिले क्लिनिक काढले आणि पुढे ती पद्धत देशभर पसरली. नेदरलँड्समध्ये कायदेशीर सल्ला देण्याची मक्तेदारी वकिलांकडे नाही, आणि ‘रेख्टस्विंकेल’ म्हणजे शब्दशः ‘कायद्याचे दुकान’ या नावाने विद्यार्थी चालवत असलेली सल्ला केंद्रे तिथे अनेक दशके आहेत. मात्र फौजदारी न्यायालयात अशिलाची बाजू मांडणे हे नोंदणीकृत वकिलाचेच काम आहे, आणि या विषयात तर अशील बहुधा कोठडीत असते.

म्हणून रचना अशी असावी की फाईल वकिलाची, वकीलपत्र वकिलाचे, आणि क्लिनिक हे त्या वकिलाचे संशोधन व मसुदा कार्यालय. विद्यापीठ आणि वकील यांच्यात लेखी करार करावा. गोपनीयता, हितसंबंधांची तपासणी, अशिलाची लेखी संमती, कागद कुठे ठेवायचे आणि कधी नष्ट करायचे, वकिलाने किती दिवसांत मसुदा तपासून द्यायचा, आणि सत्र संपल्यावर फाईल कोणाकडे जाणार, हे सर्व त्यात असावे. शेवटची बाब सर्वांत जास्त विसरली जाते. जूनमध्ये विद्यार्थी परीक्षा देऊन घरी निघून जातात आणि तुरुंगातल्या माणसाची तारीख मात्र जुलैत असते.

विदासंरक्षणाचा मुद्दा कागदी वाटतो, पण तो तसा नाही. युरोपीय विदासंरक्षण नियमावलीचे कलम १० दोषसिद्धी आणि गुन्ह्यांविषयीच्या माहितीला वेगळे संरक्षण देते, त्यामुळे विद्यापीठाच्या विदासंरक्षण अधिकाऱ्याशी बोलल्याशिवाय एकही फाईल घेऊ नये. रोजच्या व्यवहारात याचा अर्थ असा की फाईल विद्यार्थ्याच्या खासगी ईमेलवर जाणार नाही, आणि रुमेनियन निकालपत्र कुठल्याही फुकटच्या भाषांतर संकेतस्थळावर चिकटवले जाणार नाही. हा मोह फार मोठा असतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाने मान्य केलेले साधन हातात द्यावे.

गट लहान ठेवावा. तिघे किंवा चौघे पुरेत. त्यात निदान एकाला बजावणाऱ्या देशाची भाषा यावी, एकाला वॉरंट काढणाऱ्या देशाची, आणि एकाकडे नोंदी ठेवण्याची शिस्त असावी. ज्याला यांपैकी कोणतीही भाषा येत नाही, आणि मराठी विद्यार्थी सुरुवातीला बहुधा याच गटात असतो, त्याने दिनदर्शिका आणि प्रश्नावली स्वतःकडे घ्यावी. भाषा न येणारा माणूस ‘म्हणजे नेमके काय घडले?’ असे पुन्हा पुन्हा विचारतो, आणि फाईलला तेच हवे असते.

पहिला दिवस: दिनदर्शिका

आता एक कल्पित फाईल घेऊ. समजा, हेगजवळच्या वेस्टलँड भागात काचगृहांमध्ये टोमॅटो तोडण्याचे काम करणारा एक रुमेनियन कामगार ४ मार्चला अटक झाला. घरफोडीच्या गुन्ह्यात त्याला रुमेनियात दोन वर्षांची शिक्षा झाली आहे आणि खटल्याला तो हजर नव्हता. वॉरंट शिक्षा भोगण्यासाठी काढलेले आहे. त्याचे म्हणणे असे की त्याला खटल्याची कल्पनाच नव्हती आणि तिथल्या तुरुंगाची त्याला भीती वाटते.

फाईल हाती येताच कायद्याचे पुस्तक उघडू नये. एका कोऱ्या पानावर तारखा लिहाव्यात. अटक ४ मार्च, साठावा दिवस ३ मे, नव्वदावा दिवस २ जून. त्यांच्या आधीच्या तारखा मागे मोजत याव्यात. सुनावणीच्या किती दिवस आधी वकिलाला मसुदा हवा, त्याआधी रुमेनियाकडून उत्तर यायला हवे, त्याआधी प्रश्न जायला हवेत. असे मोजत आले की प्रश्न तयार करायला जेमतेम आठ-दहा दिवस उरतात, हे गटाच्या लक्षात येते आणि अनावश्यक वाचन आपोआप गळते.

पहिल्या भेटीला वकिलासोबत दुभाषी असावा. २०१० च्या निर्देशाप्रमाणे दुभाष्याचा आणि वॉरंटच्या भाषांतराचा हक्क अटक वॉरंटच्या कार्यवाहीलाही लागू आहे, आणि माहिती मिळण्याच्या हक्काविषयीच्या २०१२ च्याच दुसऱ्या एका निर्देशाप्रमाणे अटकेनंतर हक्कांचे लेखी पत्रक मिळायला हवे. ते पत्रक मिळाले का, कोणत्या भाषेत, हे भेटीच्या टिपणात सर्वांत आधी लिहावे. टिपण अशिलाच्या शब्दांत असावे. “आईने काहीतरी कागद घेतला होता म्हणे” या वाक्याचे “समन्स कुटुंबीयांनी स्वीकारले” असे रूपांतर विद्यार्थ्याने भेटीतच केले, तर पुढे त्यातला ‘म्हणे’ कुणालाच सापडत नाही.

अशील हमखास विचारते, “संमती देऊ का? लवकर सुटेन का?” विद्यार्थ्याने याचे उत्तर देऊ नये. संमती एकदा दिली की ती साधारणपणे मागे घेता येत नाही. संमतीसोबत विशिष्टतेच्या नियमाचे संरक्षणही सोडायचे का, हा वेगळा प्रश्न आहे. ज्या गुन्ह्यासाठी ताबा दिला त्याशिवाय आधीच्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी खटला चालवता येणार नाही, असा हा नियम कलम २७ मध्ये आहे. मराठी विद्यार्थ्याला तो अबू सालेमच्या प्रकरणावरून चटकन कळतो. पोर्तुगालने नोव्हेंबर २००५ मध्ये त्याला भारताच्या ताब्यात दिले ते फाशी नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कैद नाही या हमीवर. मुंबईच्या टाडा न्यायालयात जादा कलमे लागली तेव्हा पोर्तुगीज न्यायालयांनी अटभंग झाल्याचे म्हटले, आणि दिलेली हमी केंद्र सरकारवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले. ते जुन्या पद्धतीचे प्रत्यार्पण होते, पण ताबा देताना कागदावर काय लिहिले होते याची किंमत सतरा वर्षांनीही उरते, हे त्यातून दिसते.

फॉर्म चौकट-चौकट वाचावा

युरोपीय अटक वॉरंट हा ठरावीक नमुन्यातला फॉर्म असतो, आणि त्याच्या चौकटींना ए ते आय अशी अक्षरे असतात. विद्यार्थी तो पाच मिनिटांत चाळून मूलभूत हक्कांच्या निकालांकडे धाव घेतात. माझा आग्रह असा की पहिले दोन दिवस फक्त फॉर्म वाचावा, मोठ्याने, आणि प्रत्येक चौकटीपुढे ‘पूर्ण’, ‘अपूर्ण’ किंवा ‘विसंगत’ असा शेरा लिहावा.

ए चौकटीत ओळख, बी मध्ये वॉरंट कोणत्या आदेशावर आधारलेले आहे ते. फक्त वॉरंटच आहे आणि त्यामागे देशांतर्गत आदेश नाही, असे चालत नाही, हे लक्झेंबर्गने ‘बॉब-डोगी’ निकालात १ जून २०१६ रोजी स्पष्ट केले. आपल्या फाईलमध्ये अंमलबजावणीयोग्य निकाल आहे, त्याचा क्रमांक व तारीख बी मध्ये आहे, म्हणून शेरा ‘पूर्ण’. सी मध्ये शिक्षा: दोन वर्षे, किमान चार महिन्यांची अट ओलांडली. आय मध्ये वॉरंट काढणारी यंत्रणा कोण, हे दिसते. जर्मनीतील सरकारी वकिलांना मंत्र्यांकडून वैयक्तिक प्रकरणात सूचना मिळू शकतात, म्हणून ते ‘न्यायिक यंत्रणा’ ठरत नाहीत, असा निकाल २७ मे २०१९ रोजी लागला होता, त्यामुळे ही चौकट आता कुणी डोळे झाकून वाचत नाही. आपल्याकडे रुमेनियन न्यायालयाचे नाव आहे. पुढे जावे.

ई चौकटीत गुन्ह्याचे वर्णन आणि बत्तीस गुन्ह्यांची यादी असते. यादीतल्या गुन्ह्यापुढे खूण असेल आणि वॉरंट काढणाऱ्या देशात त्याची कमाल शिक्षा निदान तीन वर्षे असेल, तर दुहेरी गुन्हेयता, म्हणजे ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा आहे का, हे तपासायचे नसते. संघटित किंवा सशस्त्र दरोडा यादीत आहे, साधी घरफोडी नाही, म्हणून इथे तपासणी करावी लागते, पण घरफोडी नेदरलँड्समध्येही गुन्हा आहे. मेमोत, म्हणजे गटाने वकिलासाठी लिहायच्या टिपणात, यावर अर्धे पान पुरे. दुहेरी गुन्हेयतेवर सहा पाने लिहिलेला मेमो पाहिला की मला कळते की गटाला डी चौकट समजलेली नाही.

कारण खरे काम डी चौकटीत आहे. व्यक्ती खटल्याला हजर नव्हती, तर २००९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ४ अ चार परिस्थिती सांगते ज्यांत ताबा नाकारता येत नाही. थोडक्यात, तिला स्वतःला समन्स मिळाले किंवा अन्य मार्गाने तारीख आणि जागा प्रत्यक्ष कळली, आणि हजर न राहिल्यास निकाल लागू शकतो हेही सांगितले गेले. किंवा तारीख माहीत असताना तिने वकिलाला अधिकार दिला आणि त्या वकिलाने बचाव केला. किंवा निकाल तिच्या हाती पडून फेरखटल्याचा हक्क सांगितला गेला आणि तिने तो सोडला. किंवा ताबा दिल्यावर लगेच निकाल हाती देऊन फेरखटल्याचा हक्क मिळणार आहे. यांपैकी एकाही चौकोनात खूण बसत नसेल तरच नकाराचे कारण उरते, आणि तेही ऐच्छिक.

आपल्या फॉर्ममध्ये पहिल्या परिस्थितीवर खूण आहे आणि खाली एका ओळीत लिहिले आहे की समन्स घरच्या पत्त्यावर आईला दिले. इथे ‘ड्वोर्झेत्स्की’ हा २४ मे २०१६ चा निकाल लागतो. त्यात पोलंडमधले समन्स आजोबांच्या हाती दिलेले होते. घरातल्या प्रौढ व्यक्तीने समन्स घेतले आणि पोहोचवते असे म्हटले, एवढ्यावरून ते संबंधिताला खरोखर आणि वेळेत मिळाले असे धरता येत नाही, असे लक्झेंबर्गने ठरवले. तो प्रश्नही ॲमस्टरडॅमच्याच कक्षाने पाठवला होता.

इथे विद्यार्थी थांबतात आणि ‘समन्स योग्य नव्हते’ असा निष्कर्ष लिहून मोकळे होतात. क्लिनिकचे काम इथून सुरू होते. कलम १५(२) प्रमाणे बजावणारे न्यायालय पूरक माहिती मागवू शकते, आणि काय मागवावे हे वकील सुचवू शकतो. विद्यार्थ्यांचा पहिला मसुदा बहुधा असा असतो: “अशिलाला खटल्याची योग्य माहिती दिली होती काय?” याचे उत्तर रुमेनियाहून दोन दिवसांत येईल आणि ते ‘होय’ असेल. त्याऐवजी असे विचारावे: समन्स कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर, कोणाच्या हाती दिले? त्या व्यक्तीने ते अशिलाला दिले याची नोंद आहे काय, असल्यास कधीची? गैरहजेरीत निकाल लागू शकतो ही सूचना समन्सवर छापलेली होती काय, असल्यास त्याची प्रत द्यावी. खटल्यात वकील होता तर तो अशिलाने नेमला की न्यायालयाने, आणि वकीलपत्राची तारीख काय? अपील झाले असेल तर कोणाच्या सूचनेवरून? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नुसत्या ‘होय’ने देता येत नाही. अशिलाची भीती जोवर अशा उत्तर द्यावेच लागेल अशा प्रश्नात उतरत नाही, तोवर न्यायालयाला तिचे काही करता येत नाही.

अशिलालाही तितकेच नेमके विचारावे लागते. पोलिसांनी गुन्ह्याबाबत तुझा जबाब घेतला होता का? पत्ता बदलल्यास कळव असे सांगून सही घेतली होती का? देश केव्हा सोडला? ४ अ ऐच्छिक असल्याने, माणसाने आपणहून माहिती टाळली असे दिसले तर न्यायालय ते लक्षात घेऊ शकते. ही उत्तरे अडचणीची असली तरी मेमोत यायलाच हवीत, कारण सुनावणीत सरकारी वकिलाच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकण्याइतकी वाईट वेळ दुसरी नाही.

तुरुंगाचा प्रश्न दोन पायऱ्यांत

‘अरान्योशी आणि कल्दरारू’ या ५ एप्रिल २०१६ च्या निकालाने तपासणीच्या दोन पायऱ्या घालून दिल्या. आधी त्या देशातल्या तुरुंगांबाबत वस्तुनिष्ठ, विश्वसनीय, नेमका आणि अद्ययावत पुरावा आहे का, हे पाहायचे. मग याच व्यक्तीला तो धोका खरोखर आहे का, हे पूरक माहिती मागवून तपासायचे. धोका वाजवी मुदतीत दूर झाला नाही, तर कार्यवाही संपवायची का, हे न्यायालयाने ठरवायचे.

पहिल्या पायरीसाठी स्ट्रासबर्गचे निकाल, युरोप परिषदेच्या छळ प्रतिबंध समितीचे भेट अहवाल आणि युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २०१९ मध्ये खुली केलेली तुरुंगविषयक माहितीपेढी वापरावी. रुमेनियाबाबत ‘रेझमिवेश’ हा २५ एप्रिल २०१७ चा पथदर्शी निकाल आहे, पण त्याची तारीखच सांगते की फक्त तो जोडून भागणार नाही. ‘अद्ययावत’ हा शब्द न्यायालये गंभीरपणे घेतात.

दुसऱ्या पायरीवर अशील कोणत्या तुरुंगात जाण्याची शक्यता आहे, हे महत्त्वाचे. ‘एमएल’ या २५ जुलै २०१८ च्या निकालाप्रमाणे देशातले सगळे तुरुंग तपासायचे नसतात, जिथे त्याला ठेवण्याची शक्यता आहे तेवढेच, मात्र तात्पुरते ठेवण्याचे ठिकाणही त्यात धरायचे. कैद्याला कसे ठेवले जाईल याबाबत रुमेनिया जी हमीपत्रे देतो, त्यांत साधारणपणे आधी एकवीस दिवसांचे विलगीकरण, मग बंदिस्त व्यवस्था, मग अर्धखुली व्यवस्था असे टप्पे येतात. हमीपत्र आले की पट्टी घेऊन बसावे आणि प्रत्येक टप्प्यापुढे जागेचा आकडा आहे का, ते पाहावे. एखाद्या टप्प्यापुढे ‘योग्य जागा’ असे शब्द असतील तर तिथेच पुढचा प्रश्न आहे.

आकडा कसा मोजायचा, हे ‘दोरोबांतू’ या १५ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात आहे: कोठडीतल्या स्वच्छतागृहाची जागा धरायची नाही, फर्निचरने व्यापलेली जागा धरायची, पण कैद्याला कोठडीत नीट हालचाल करता आली पाहिजे. एका वर्षी आमच्या गटाने हे उलटे केले. खाटांची जागा वजा केली, स्वच्छतागृह तसेच ठेवले, आणि २.७ चौरस मीटरचा धक्कादायक आकडा काढला. वकिलाने तो मसुदा एका नजरेत परत पाठवला. तेव्हापासून खडूचा चौकोन आखून झाल्यावर मी त्यात एक खुर्ची ठेवतो आणि विचारतो, ही मोजायची की नाही? हमी वॉरंट काढणाऱ्या न्यायिक यंत्रणेने दिलेली किंवा मान्य केलेली असेल, तर उलट ठोस माहिती नसताना तिच्यावर विसंबावे लागते, हेही याच निकालांनी सांगितले आहे. म्हणून हमीपत्रावर कोणाची सही आहे, तुरुंग प्रशासनाची की न्यायालयाची, हे पाहणे विद्यार्थ्याने विसरू नये.

मुंबईकराला हा विषय परका नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयात विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाच्या वेळी आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ चे चित्रीकरण मागवले गेले होते, आणि २०२५ मध्ये मेहुल चोक्सीसाठी बेल्जियमला दिलेल्या हमीत त्याच बराकीत तीन चौरस मीटर जागेचे आश्वासन होते. ती प्रकरणे अटक वॉरंटची नव्हेत, पण आकडा आणि प्रश्न विचारण्याची रीत तीच आहे.

गंभीर आजार, लहान मुलांची आई, न्यायालयांच्या स्वातंत्र्याविषयीची शंका, या प्रत्येकावर लक्झेंबर्गचे स्वतंत्र निकाल आहेत. आपल्या फाईलमध्ये ते मुद्दे नाहीत, म्हणून मेमोतही नसावेत.

रहिवास, आणि पलीकडचा वकील

शिक्षेच्या वॉरंटमध्ये आणखी एक दार असते. व्यक्ती बजावणाऱ्या देशात राहत असेल आणि तो देश शिक्षा स्वतःकडे घेणार असेल, तर कलम ४(६) प्रमाणे ताबा नाकारता येतो. डच कायदा यासाठी सलग पाच वर्षांचा वैध रहिवास मागतो, आणि ही अट लक्झेंबर्गने ‘वोल्झेनबुर्ग’ या ६ ऑक्टोबर २००९ च्या निकालात मान्य केली. इथे कायदा कमी आणि कागद जास्त. वेतनपत्रके, करांच्या नोंदी, आरोग्य विमा, नगरपालिकेतली नोंद, वर्षवार लावावीत आणि खंड कुठे पडतो ते लाल पेन्सिलीने दाखवावे. हंगामी कामगाराच्या बाबतीत खंड जवळपास ठरलेला असतो. मात्र शिक्षा इकडे भोगणे अशिलाला खरोखर हवे आहे का, हे आधी विचारावे. कधीकधी कुटुंब तिकडे असते.

२०१३ च्या निर्देशाने अटक झालेल्याला वॉरंट काढणाऱ्या देशातही वकील नेमण्याचा हक्क दिला आहे, जेणेकरून तो इकडच्या वकिलाला माहिती पुरवेल. पण त्या दुसऱ्या वकिलासाठी सरकारी विधी-साहाय्य, २०१६ च्या निर्देशाप्रमाणे, खटला चालवण्यासाठी काढलेल्या वॉरंटपुरते आहे. आपले अशील शिक्षा झालेले आहे, म्हणजे हक्क आहे आणि पैसे नाहीत. ही फट भरून काढण्यात क्लिनिकचे मोल सर्वाधिक आहे असे मला वाटते. रुमेनियातल्या विद्यापीठाच्या क्लिनिकशी आधीच संबंध जोडून ठेवलेला असेल, तर तिथल्या देखरेख वकिलामार्फत खटल्याच्या फाईलमधली समन्सची पोच पाहता येते, आणि फेरखटल्याची वाट तपासता येते. रुमेनियन फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६६ गैरहजेरीत शिक्षा झालेल्याला एक महिन्याची मुदत देते, आणि ती केव्हापासून मोजायची, हे ताबा दिल्यानंतर कळीचे ठरते.

मेमो आणि सुनावणी

मेमो आठ पानांपेक्षा मोठा नसावा. पहिल्या पानावर तारखा, दुसऱ्यावर फॉर्मचा चौकटवार शेरा, मग डी चौकट, मग तुरुंग, मग रहिवास, आणि शेवटी न्यायालयाकडे मागायचे प्रश्न जसेच्या तसे, डच आणि रुमेनियन दोन्ही भाषांत. निकाल उद्धृत करताना परिच्छेद क्रमांक द्यावा. आपल्या विरुद्ध जाणारे त्याच कक्षाचे ताजे निकाल शोधून मेमोत घालावेत, कारण वकिलाला सर्वांत आधी तेच हवे असतात.

सुनावणीला गटाने जावे. ॲमस्टरडॅमच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून टिपणे घ्यावीत, पण वकिलाशी खाणाखुणा करू नयेत. न्यायाधीशांनी कोणता प्रश्न दोनदा विचारला, ते लिहून ठेवावे. परत आल्यावर आपल्या मेमोत त्या प्रश्नाला किती जागा दिली होती, ते मोजावे. गुण देताना मी निकालाकडे पाहत नाही. प्रश्नावलीचा पहिला आणि शेवटचा मसुदा शेजारी ठेवतो.

शेवटचे पत्र

समजा, हमी पुरेशी ठरली, चौथ्या परिस्थितीत फेरखटल्याची स्पष्ट खात्री मिळाली, आणि २० मे रोजी न्यायालयाने ताबा देण्यास परवानगी दिली. अंतिम निर्णयानंतर दहा दिवसांच्या आत ताबा व्हायला हवा. तो २९ मे रोजी झाला असे धरू.

बहुतेक गट इथे फाईल बंद करतात. एक पत्र अजून राहिलेले असते. इकडे कोठडीत काढलेला काळ तिकडच्या शिक्षेतून वजा व्हावा, असे कलम २६ सांगते, आणि कोठडीच्या कालावधीची माहिती ताबा देताना कळवायची असते. ती गेली आहे का, हे वकिलामार्फत तपासावे आणि एक प्रत पलीकडच्या वकिलाला व एक अशिलाला, त्याच्या भाषेत, द्यावी. त्यात शिक्षेच्या निकालाचा क्रमांक, अटकेची तारीख, ताब्याची तारीख आणि दिवसांची बेरीज असावी: मार्चचे २८, एप्रिलचे ३०, मेचे २९, एकूण ८७ दिवस. बेरीज दोघांनी वेगवेगळी करावी आणि मगच पत्र पाठवावे.